नादारीचा तक्ता

अमेरिकेत कर्जापायी घर गेलं की साधारणपणे दोन कागद येतात. पहिला बँकेचा : तुमचं खातं बंद झालं, उरलेली रक्कम आम्ही वसूल करणार नाही. हा वाचून माणूस खुर्चीत बसतो, पाणी पितो, आईला फोन करतो. दुसरा कागद त्यानंतरच्या जानेवारीच्या शेवटी येतो. त्याचं नाव फॉर्म १०९९-सी. त्यात एका चौकटीत तीच माफ केलेली रक्कम छापलेली असते आणि त्याची एक प्रत आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडे, जाते. कारण त्या खात्याच्या लेखी बँकेने सोडून दिलेली रक्कम म्हणजे तुम्ही त्या वर्षी कमावलेले पैसे.

आमच्या कागदावर आकडा होता ८४,००० डॉलर. त्या वर्षी आमच्या दोघांचा मिळून पगार ७८,००० होता.

भारतातल्या कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न एकच येतो. घर गेलं, ते उत्पन्न कसं काय? माझ्या धाकट्या भावाने तर मला वाटलं त्याहून जास्त गंभीरपणे विचारलं होतं, "ताई, तुम्हाला कुणी फसवत तर नाहीये ना?" फसवत कुणी नव्हतं. नियम जुना आहे आणि त्यामागचं तर्कशास्त्र ऐकलं तर चक्क पटतं. तीच त्यातली पंचाईत आहे.

समजा, तुम्ही मित्राकडून एक लाख रुपये उसने घेतले. हातात लाख आले, पण डोक्यावर लाखाचं देणंही आलं, म्हणून त्या दिवशी तुम्ही श्रीमंत झाला नाहीत. कर्जाच्या रकमेवर कर लागत नाही तो याच कारणाने. आता दोन वर्षांनी मित्र म्हणाला, "साठ दे, बाकीचे राहू दे." तर तुम्ही लाख वापरलेत आणि साठच परत केलेत. चाळीस तुमच्याकडे राहिले. कर खातं म्हणतं, हे चाळीस म्हणजे कमाईच.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे १९३१ मध्ये ठरवून टाकलं. कर्बी लंबर नावाच्या लाकूड कंपनीने १९२३ साली रोखे विकून पैसे उभे केले आणि त्याच वर्षी त्यातले काही रोखे बाजारातून कमी भावात परत घेतले. फरक १,३७,५२१ डॉलर आणि ३० सेंटचा. कंपनीचं म्हणणं, हे उत्पन्न नव्हे. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी अगदी छोटासा निकाल लिहिला. आशय असा की या देण्याखाली अडकलेली मालमत्ता आता मोकळी झाली, म्हणजे कंपनीला फायदा झाला. लाकूड कंपनीसाठी लिहिलेल्या या चार ओळी ऐंशी वर्षांनी आमच्या न्यू जर्सीतल्या तीन खोल्यांच्या घराला लागू झाल्या.

०००

घर आम्ही २००६ मध्ये घेतलं. ४,३०,००० डॉलरला. त्यातले ६७,००० आमचे, बाकीचं कर्ज. एडिसनपासून गाडीने वीस मिनिटांवर. मागे एक मेपलचं झाड, पुढे हातभर अंगण, त्यात सासूबाईंनी पहिल्याच भेटीत लावलेली गवती चहाची जुडी. नवरा एका औषध कंपनीत संख्याशास्त्राचं काम करायचा. मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेबाचं.

२००७ च्या सुरुवातीला कऱ्हाडहून फोन आला. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, छातीत कळ येऊन पुण्याला हलवलं होतं. बायपास झाली, मग जंतुसंसर्ग झाला, मग पुन्हा शस्त्रक्रिया. अतिदक्षता विभागात पाच आठवडे. हॉस्पिटलचं बिल रोज फुगत होतं. बाबांचा विमा नव्हता. साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला त्या काळात आरोग्यविमा असणं हेच नवल होतं. आम्ही घराचं कर्ज नव्याने करून घेतलं : जुनं कर्ज फेडून त्याच घरावर २४,००० डॉलर जास्तीचं नवं. तेव्हाच्या भावाने साडेदहा लाख रुपये. ते सगळे पुण्याला गेले. बाबा घरी आले. आज तीच वेळ आली तर आम्ही हेच करू, त्यात चर्चेला जागा नाही.

पण हे चोवीस हजार लक्षात ठेवा. पुढे त्यांनी आम्हाला फार कामाला लावलं.

मंदीची पहिली तीन-चार वर्षं आम्ही हप्ते नीट भरले. महिन्याला चोवीसशेच्या आसपास, वर मालमत्ता कर, आणि न्यू जर्सीचा मालमत्ता कर म्हणजे दुसरा हप्ताच. घरांच्या किमती उतरत होत्या. आमच्यावरचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं, तरी राहायला घर हवंच, म्हणून त्याकडे आम्ही फारसं पाहिलं नाही. २०१३ च्या सुरुवातीला नवऱ्याचा विभागच बंद झाला. एप्रिलमध्ये आम्ही शेवटचा हप्ता भरला.

न्यू जर्सीत घरावर जप्ती आणायची तर बँकेला कोर्टात जावं लागतं आणि त्या वर्षांत कोर्टात गर्दी इतकी होती की लोक हप्ता न भरता वर्ष-दोन वर्षं त्याच घरात राहत. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात रोज टपालपेटी उघडताना पोटात गोळा येतो. आम्ही जप्तीची वाट न पाहता शॉर्ट सेल केला. म्हणजे घर आपणच गिऱ्हाईक शोधून विकायचं, कर्जापेक्षा कमी किमतीला, बँकेच्या परवानगीने. परवानगीसाठी बँक तुमच्याकडून एक 'हार्डशिप लेटर' लिहून घेते. आपली अडचण सविस्तर लिहायची. नवऱ्याने ते पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन खर्ड्यांत त्याने अडचण सोडून बाकी सगळं लिहिलं होतं : शिक्षण, अनुभव, किती वर्षं वेळेवर हप्ते भरले ते. चौथं मी लिहिलं.

जून २०१४ मध्ये घर ३,२०,००० ला विकलं गेलं. थकलेलं व्याज आणि बँकेने आमच्या वतीने भरलेला मालमत्ता कर धरून आमचं देणं झालं होतं ३,८४,०००. एजंटची दलाली आणि इतर खर्च वजा जाऊन बँकेच्या हाती तीन लाख आले. उरलेले ८४,००० बँकेने लेखी सोडून दिले. हे 'लेखी' फार महत्त्वाचं. घर विकायला परवानगी देणं आणि उरलेली रक्कम सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात दुसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत नसेल तर बँक नंतर तुमच्यामागे येऊ शकते.

०००

आता त्या वर्षाची गंमत सांगते. गंमत म्हणायचं ते आज.

२००७ मध्ये घरांचा बाजार कोसळायला लागला तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसच्या लक्षात आलं की बेघर झालेल्या लाखो लोकांना आता कराचं बिलही जाणार आहे. म्हणून २० डिसेंबर २००७ ला अध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. नाव लांबलचक आहे. अर्थ इतकाच की राहत्या घरासाठी घेतलेलं कर्ज माफ झालं, तर वीस लाख डॉलरपर्यंतची माफी उत्पन्नात धरायची नाही. पण हा नियम कायमचा नव्हता. संकट दोन-तीन वर्षांत ओसरेल या हिशेबाने त्याला मुदत घातली होती, २००९ अखेरची. मग २००८ मध्ये ती २०१२ पर्यंत वाढवली. जानेवारी २०१३ मध्ये आणखी एका वर्षाने वाढवली, ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत.

आमचं घर गेलं जून २०१४ मध्ये. म्हणजे ज्या दिवशी आम्ही किल्ल्या दिल्या, त्या दिवशी असा कायदा अस्तित्वातच नव्हता.

एडिसनमधल्या ज्या सीपीएकडे आम्ही गेलो, ते गुजराती गृहस्थ फार शांत होते. म्हणाले, "मुदत वाढवतील. दर वेळी वाढवतात." आणि नाही वाढवली तर? त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आलो होतो. नवऱ्याला हंगामी काम मिळालं होतं. लेक सात वर्षांची, तिला नव्या शाळेत मैत्रीण मिळाली म्हणून खूश. आणि आम्ही दोघं रात्री जेवणं झाली की काँग्रेसमध्ये कुठलं विधेयक कुठल्या समितीत आहे ते वाचत बसायचो. ज्या देशात आम्हाला मतदानाचा हक्कही नव्हता, त्याच्या संसदेचं कामकाज आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखं पाहत होतो.

सीपीएंनी तोवर दुसरी वाट दाखवली होती. ती जुनी आहे, मुदतीची नाही. कर्ज माफ होण्याच्या आधल्या क्षणी तुमचं एकूण देणं तुमच्या एकूण मालमत्तेपेक्षा जास्त असेल, तर जेवढ्याने जास्त असेल तेवढी माफी उत्पन्नात धरत नाहीत. याला इंग्रजीत इन्सॉल्व्हन्ट म्हणतात. दिवाळं जाहीर करणं वेगळं, त्याला कोर्ट लागतं. इथे कोर्ट नाही, वकील नाही. एक तक्ता भरायचा, आयआरएसच्या ४६८१ क्रमांकाच्या पुस्तिकेत तो छापलेलाच आहे. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता अशी माझ्या वहीत मी मांडणी केली आणि वर मराठीत शब्द लिहायला गेले तर नेमका शब्द आठवेना. दिवाळखोर नव्हे. मग आठवला : नादार.

०००

तो तक्ता भरायला आम्हाला चार रात्री लागल्या.

देणी सोपी होती, ती पाठ होती. घराचं कर्ज ३,८४,०००. क्रेडिट कार्डं २२,०००. गाडीचं कर्ज ९,०००. एका मित्राकडून घेतलेले ६,०००. बेरीज ४,२१,०००.

मालमत्ता म्हणजे घरातली प्रत्येक गोष्ट. पुस्तिकेतल्या तक्त्यात ओळीच ओळी आहेत : रोख, घर, गाड्या, संगणक, फर्निचर, हत्यारं, दागिने, कपडे, पुस्तकं, नाणी आणि तिकिटांचे संग्रह, खेळाचं सामान, निवृत्तीची खाती, आयुर्विम्याचं समर्पण मूल्य. किंमत घेतली तेव्हाची धरायची नाही, आज विकलं तर काय येईल ती. शिवाय 'आधल्या क्षणी' म्हणजे घर अजून तुमचंच आहे असं धरायचं. म्हणून विकून चार महिने झालेलं घर आम्ही पुन्हा आमच्या नावावर मांडलं : ३,२०,०००.

गाडी ११,०००. बँकेत ३,१००. नवऱ्याच्या निवृत्तीच्या खात्यात, म्हणजे ४०१-के मध्ये, ३८,०००. यावर तो चिडला. "ते साठाव्या वर्षापर्यंत माझे नाहीतच, आत्ता काढले तर दंड भरायचा, मग मालमत्ता कशी?" पण नियम तसाच आहे. सावकार ज्याला हात लावू शकत नाही, ते पैसेही या तक्त्यात मोजतात. आणि हा आकडा जितका मोठा, तितके तुम्ही कमी नादार. आयुष्यात प्रथमच आम्ही बसून आपल्याकडे काय कमी आहे ते शोधत होतो.

एलआयसीची एक पॉलिसी होती, नवऱ्याच्या पहिल्या नोकरीत एका मामांनी गळ्यात मारलेली. तिचं समर्पण मूल्य मागवलं, ते निघालं २,४०० डॉलरच्या आसपास. कऱ्हाडजवळची दीड एकर बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली आणि त्यांच्याच नावावर, म्हणून ती यात नाही. सोफा, पलंग, भांडी, टीव्ही, कपडे, पुस्तकं मिळून ४,०००. मराठी पुस्तकांच्या दोन पेट्यांची न्यू जर्सीत बाजारभावाने किंमत काय, यावर आम्ही खूप हसलो. शून्य लिहिलं.

दागिन्यांवर मात्र कुणी हसलं नाही. मी ओक ट्री रोडवरच्या एका सराफाकडे गेले आणि सगळं वजन करून घेतलं. आईने दिलेल्या पाटल्या, सासूबाईंनी घातलेला हार, लेकीच्या बारशातली साखळी. मंगळसूत्र काढून काट्यावर ठेवताना सराफाने विचारलं, "हेसुद्धा?" मी म्हटलं, "हेसुद्धा." त्याने मण्यांचं वजन अंदाजाने वजा केलं. सगळं मिळून ९,०००.

मालमत्तेची बेरीज ३,८७,५००. देण्यातून वजा केली. उत्तर आलं ३३,५००.

म्हणजे आम्ही ३३,५०० डॉलरने नादार होतो. माफीचे ८४,०००. त्यातले ३३,५०० या वाटेने सुटणार. उरलेले ५०,५०० आमच्या उत्पन्नात जाणार. त्यावर केंद्राचा कर साधारण साडेदहा हजार डॉलर आणि उत्पन्न कागदावर वाढल्यामुळे मुलीमागे मिळणारी हजार डॉलरची करसवलतही जवळजवळ सगळी जाणार. बँकेत होते ३,१००.

नवरा बराच वेळ वहीकडे पाहत होता. मग म्हणाला, "आपण पुरेसे गरीब नाही." एवढं बोलून तो झोपायला गेला.

०००

त्या वर्षी ३ डिसेंबरला हाउसने आणि १६ डिसेंबरला सिनेटने विधेयक मंजूर केलं. १९ डिसेंबर २०१४ ला अध्यक्ष ओबामांची सही झाली. माफीची मुदत एक वर्षाने वाढली, मागल्या तारखेपासून : १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०१४. म्हणजे सही झाली तेव्हा कायद्याचे बारा दिवस उरले होते. २०१४ साली घर गमावलेल्या माणसाने सगळं वर्ष कर लागणार या भीतीत काढायचं आणि नाताळच्या तोंडावर त्याला कळायचं की लागणार नव्हता. पुढे हाच खेळ पुन्हा झाला. २०१७ सालाची माफी कायद्यात आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

मी सीपीएंना फोन केला. ते म्हणाले, "अभिनंदन. आता एक प्रश्न. कर्ज कधी रिफायनान्स केलं होतं का?"

ही सवलत घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा त्यात मोठी सुधारणा करण्यासाठी काढलेल्या कर्जालाच आहे. त्याच घरावर काढलेले, पण दुसरीकडे खर्च झालेले पैसे तीत बसत नाहीत. गाडी घेतली, सहलीला गेलात, मुलाची फी भरली, वडिलांचं हृदय दुरुस्त केलं, सगळं एकाच ओळीत. यापुढचं कलम तर आणखी बारीक आहे. कर्जाचा एक भाग घराचा आणि एक भाग इतर असेल, तर माफी आधी त्या 'इतर' भागाची झाली असं धरतात. प्रमाणात वाटून घ्यायची सोय नाही. म्हणजे बँकेने ८४,००० सोडले त्यात पहिले २४,००० हे बाबांच्या शस्त्रक्रियेचे आणि मग उरलेले ६०,००० घराचे. साठ हजार नव्या मुदतीने सुटले. चोवीस हजारांना कुठलंच छप्पर नव्हतं.

आणि इथे तो तक्ता कामाला आला. आम्ही ३३,५०० ने नादार होतो. त्यात २४,००० बसत होते.

फॉर्म ९८२ हा एक साधा कागद. त्यावर दोन खुणा झाल्या : १-ई, राहत्या घराचं कर्ज, आणि १-बी, नादारी. तो विवरणपत्राला जोडला, तक्ता आणि सराफाची पावती घरच्या फाइलीत ठेवली. तो जोडला नसता तर आयआरएसच्या संगणकाला बँकेची प्रत दिसली असती, आमच्या विवरणपत्रात ती रक्कम दिसली नसती आणि फरकाची नोटीस आपोआप आली असती. असं पुष्कळांचं होतं. त्यांना सवलत लागू असते, पण मागणारा कागदच गेलेला नसतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये बसली नाही. घर ४,३०,००० ला घेतलं, ३,२०,००० ला विकलं. हा १,१०,००० चा तोटा. राहत्या घरावर नवरा-बायकोला पाच लाखांपर्यंत नफा झाला तर अटी पाळून तो करमुक्त असतो, पण तोटा झाला तर तो कशातूनही वजा करता येत नाही. सुरुवातीला भरलेले आमचे ६७,००० त्या तोट्यात गेले. कर खात्याला बँकेने सोडलेले पैसे दिसतात. आमचे गेलेले दिसत नाहीत. होम्सच्या तर्कात एक जागा मला तिथेच मोकळी वाटते. मित्राकडून लाख उसने घेऊन चैन केली त्याच्याकडे चाळीस राहिले, हे खरं. आमच्याकडे काय राहिलं होतं?

भारतातही हा वाद झाला आहे, आणि त्याला अमेरिकेचाच धागा आहे. महिंद्र अँड महिंद्रने जीपच्या उत्पादनासाठी लागणारी अवजारं घ्यायला कैसर जीप या अमेरिकन कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. पुढे कैसर जीप दुसऱ्या कंपनीने घेतली आणि त्या नव्या मालकाने ५७,७४,०६४ रुपयांचं उरलेलं कर्ज सोडून दिलं. हे उत्पन्न की नाही, यावरचा खटला चाळीस वर्षांहून जास्त चालला. एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही. धंद्याच्या बाबतीत २०२३ च्या वित्त कायद्याने यातली एक वाट बदलली. पण कर्जमाफी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे सातबारा येतो, आयकराचं विवरणपत्र नाही. म्हणूनच भावाला ते फसवणुकीसारखं वाटलं.

०००

२०१५ च्या मे महिन्यात आम्ही कऱ्हाडला गेलो. घर गेल्याचं बाबांना माहीत होतं, 'विकलं' एवढंच. चोवीस हजारांचं सांगितलेलं नव्हतं. पण आजन्म हिशेबनीस राहिलेल्या माणसापासून लपवणार किती! तिसऱ्या दिवशी दुपारी ते नवऱ्याला म्हणाले, "कितीला घेतलं, कितीला दिलं, बँकेचं किती होतं, सगळं नीट मांडून दाखव बघू."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वही आणली होती. कशासाठी ते आजही सांगता येणार नाही.

बाबांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि रांगेने खाली उतरत गेले. प्रत्येक बेरजेवर बारीक बरोबरची खूण. दागिन्यांपाशी थांबले. "हार किती तोळ्यांचा धरला?" मी सांगितलं. "बरोबर." मग चोवीस हजारांशी आले. हे काय, म्हणाले. नवऱ्याने सांगितलं. माफीची वाटणी कशी झाली, आधी कुठला भाग धरला, तेही सांगितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाबा म्हणाले, "नियम बरोबर आहे की. ते पैसे घराला लागलेच न्हवते."

मग वहीच्या वरचा शब्द त्यांनी वाचला. नादार. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते नवऱ्याला म्हणाले, "मी नादारीवर शिकलो. पाचवी ते अकरावी. दर जूनला तलाठ्याचा दाखला आणायला लागायचा, उत्पन्न एवढंच आहे म्हणून. एका साली आबांनी म्हैस घेतली तर तलाठी म्हणाला, आता कशी देऊ? आबा म्हणाले, म्हशीचं कर्जही लिही की."

"मग?" लेकीने विचारलं.

"मग काय, लिहिलं त्याने."

पानाच्या तळाशी त्यांनी तारीख घातली आणि कारखान्यातल्या सवयीने लिहिलं : तपासलं. खाली सही.

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. ती वही आमच्या फाइलीत १०९९-सीच्या मागे आहे.

तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, बहीण, मैत्रीण तिकडे असेल आणि त्यांचं घर अडचणीत असेल, तर एवढं कळवा. राहत्या घराची ती सवलत २०२० च्या डिसेंबरमधल्या कायद्याने २०२५ अखेरपर्यंत नेली आणि मर्यादा साडेसात लाख डॉलरवर आणली. तिच्या भरवशावर राहायचं तर तारीख आधी पाहावी. नादारीच्या सवलतीला मुदत नाही. तिला फक्त तक्ता लागतो, माफीच्या दिवसाचा. तो त्याच आठवड्यात भरून ठेवावा. बँकेची शिल्लक, गाडीची किंमत, पॉलिसीचं मूल्य दोन वर्षांनी शोधायला गेलं तर हाती लागत नाही. आणि घरातल्या जुन्या माणसाला एकदा बेरीज तपासायला द्यावी.